मुख्याध्यापकाची दुसरी सुट्टी

या देशात सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार फार थोड्यांना असतो. केंद्र सरकारला असतो, राज्य सरकारला असतो, जिल्हाधिकाऱ्यांना असतो, आणि वर्षातले दोन दिवस तो मलाही होता. पारनेर तालुक्यात आमच्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेचा मी मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापकाच्या हातात दोन स्थानिक सुट्ट्या असतात. त्या कधी घ्यायच्या ते त्यानं ठरवायचं, जूनमध्ये यादीत लिहून वर कळवायचं, बास. घरात टीव्हीचा रिमोट माझ्या हातात कधी आला नाही, त्यामुळे या दोन दिवसांचं मला भारी अप्रूप.

पहिली सुट्टी जत्रेची. तिथं माझा इलाज नव्हता. जत्रेच्या दिवशी शाळा भरवली असती तर मी आणि घंटा, दोघंच असतो. दुसरी मात्र खास माझी. ती मी दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत एखाद्या सोमवारी टाकायचो आणि यादीत कारण लिहायचो, "स्थानिक परंपरा". परंपरा माझ्या मेव्हण्याच्या शेतावरची होती. शनिवारी दुपारी शाळा सुटली की जायचं, आगटीपाशी बसून गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी हाणायची, आणि मंगळवारी शाळेत येऊन मुलांना परंपरेचं महत्त्व सांगायचं. इतकी वर्षं ही परंपरा कुठली म्हणून कुणी विचारलं नाही.

आता जत्रेचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच उपटलं. आमच्या गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. दोनशे वर्षांपूर्वी, असं म्हातारी माणसं सांगतात, पाटीलकीवरून दोन सख्खे भाऊ भिडले. अर्धं गाव थोरल्याकडं, अर्धं धाकट्याकडं. तलवारी निघाल्या, घरं पेटली, मामा भाच्यावर धावून गेला. पुस्तकात अशा लढाईला यादवी म्हणतात. आमच्याकडं भाऊबंदकी म्हणतात आणि तिची तारीख अजून कोर्टात पडत असते. माघी पौर्णिमेला थोरल्यानं गावची विहीर ताब्यात घेतली. धाकट्याची नऊ माणसं समोरच्या टेकडीवर अडकली आणि खाली विहीर दिसत असताना तहानेनं मेली. तिसऱ्या दिवशी त्यांची मढी खाली आणू दिली.

आम्ही वरची आळी म्हणजे थोरल्याची, जिंकलेली. पौर्णिमेला जत्रा भरते ती आमच्या विजयाची. तिच्यात पाटलांच्या खालोखाल दुसरा मानाचा नारळ आमच्या घरात येतो. त्याला म्हणतात विहिरीचा मान. फेटा बांधून, छाती काढून, फोटोसाठी मान जराशी तिरकी करून मी तो नारळ घ्यायचो. आमच्या पूर्वजाची कामगिरी काय, तर विहिरीवर पहारा दिला. म्हणजे मरायला टेकलेल्या माणसांना घोटभर पाणी मिळू दिलं नाही. या पराक्रमाच्या नारळाची आई बर्फी करायची आणि मी लहानपणापासून ती वड्या मोजून खात आलो. पुढं बाहेरून परीक्षा देऊन मी इतिहासात एम. ए. झालो. पण हा मान नक्की कशाचा, हा प्रश्न मला एम. ए. झाल्यावरही पडला नाही.

खालच्या आळीचा दिवस जत्रेपासून तिसरा. त्या दिवशी तिथं कुणाच्या घरी चूल पेटत नाही, पोरं तेवढी शाळेची खिचडी खातात. टेकडीवर नऊ दगड उभे आहेत, नऊ घरांचे. त्या त्या घरची सून गावच्या विहिरीतून घागर भरते, टेकडी चढते आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत आपल्या घरच्या दगडावर पाणी ओतते. वरची आळी त्या सकाळी विहिरीकडं फिरकत नाही. असं कुणी ठरवलेलं नाही, पण फिरकत नाही.

माझ्या शाळेत खिचडी शिजवायला होत्या त्या खालच्या आळीच्या. सगळी शाळा त्यांना मावशी म्हणायची. त्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान, तरी मीही मावशीच म्हणायचो, म्हणजे मला जरा तरुण वाटायचं. त्या वर्षी जूनमध्ये मी सुट्ट्यांची यादी लिहायला बसलो होतो, तर मावशी दारात येऊन उभ्या.

"गुरुजी, तुमची ती दुसरी सुट्टी लिवली का?"

"अजून नाही. का हो?"

"आमच्या तिसऱ्या दिसाला देता आली तर बघा."

मी पेन खाली ठेवलं. मावशींनी पदराला हात पुसले आणि सांगितलं, "सासू हुती तवर घागर ती न्यायची. ती गेली त्याला आठ वर्सं झाली. तवापासून आमच्या घरच्या दगडाला पानी न्हाई. बाकीचे आठ वले हुत्यात, आमचा एकटा कोरडा ऱ्हातो. मी हितं तुमच्या पोरांची खिचडी शिजवीत बसते."

"मग दुसऱ्या कुणाकडनं पाठवायची घागर."

"ज्या घरचा दगूड त्या घरच्याच सुनंनं घालायचं. आन घालनाऱ्या बाईनं त्या दिशी जाळ करायचा न्हाई, आधीबी न्हाई आन मागनंबी न्हाई."

"एक दिवस रजा घ्या. दुसरी बाई लावू."

"आन तीच ऱ्हायली मंग कायमची? तुमाला म्हाईत न्हाई का गावचं?" मावशींनी गुडघ्यावर थाप मारली. "हे गुडघं आजून एक-दोन वर्सं टेकडी चढतील. पोराचं लगीन जमंना, सून कवा यायची ती येऊ. एकदा पानी घालू द्या, गुरुजी. मंग माझी मी मोकळी."

माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय आलं ते खरं सांगतो. मेव्हण्याचा हुरडा. एक बाई आठ वर्षांची तहान सांगत होती आणि मी मनात चटणी वाटत होतो. मग मी मास्तरकीचा हुकमी एक्का काढला. म्हणालो, "मावशी, तुमची परंपरा चुलीची आहे ना? आपल्याकडं तर गॅस आहे."

मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं बेरीज चुकलेल्या पोराकडं मी बघतो.

"जाळ त्यो जाळच, गुरुजी. मेलेल्यांना काय सिलिंडर दावू?"

मी म्हणालो, बघतो. आमच्या खात्यात 'बघतो' म्हणजे नाही. पण मावशी तेवढ्यावर खूश होऊन गेल्या, आणि तेच मला टोचत राहिलं. शेवटी विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढं ठेवला. खोटं कशाला बोलू, तिथं तो पडावा आणि माझे हात वर व्हावेत, हाच हेतू होता.

समितीचा अध्यक्ष माझा चुलतभाऊ. दुधाचा टेम्पो त्याचा, आवाजही टेम्पोचाच. विषय ऐकून तो आधी हसला.

"हरलेल्यांची कसली सुट्टी? मग नापासांचीबी एक देऊन टाक की!"

आमच्या आळीचे सगळे खो खो हसले. मी दहावीला गणितात एकदा गटांगळी खाल्ली होती, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, एक मी आणि एक तो. माझं टाळकं सटकलं. न्यायबुद्धी वगैरे काही नव्हती, नुसती आग मस्तकात गेली. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "आणि आपण पौर्णिमेला कशाची सुट्टी घेतो रे? नऊ माणसं तहानेनं मारली त्याचीच ना?"

मग चुलतभाऊ शांतपणे बोलला, आणि मी कबूल केलं पाहिजे, तो काही अगदीच वावगं बोलला नाही. म्हणाला, "टेकडीवर पानी घालत्यात, घालू दे. आपन कधी आडवलं का? पर सुट्टी म्हंजे सरकारी शिक्का. उद्या पोरं इचारतील, धाकटा बरोबर हुता का? त्यानं आपल्या आळीची घरं पेटवली, लेकरंबाळं रानात काढली. त्याच्या नावानं शाळा बंद ठेवायची?"

उत्तर नसलं की माणूस आवाज वाढवतो, तसा मी वाढवला. बराच वेळ घासाघीस झाली. आणि मग मला ती कल्पना सुचली. अजून आठवली की कान गरम होतात. मी म्हणालो, "नुसती सुट्टी नको. कार्यक्रम घेऊ. दोन्ही आळ्या बोलावू. नगरहून पाहुणे आणू."

कार्यक्रम म्हटल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे खुलले. आमच्या जिल्ह्यात कुठलाही तंटा मंडप आणि माईकपुढं टिकत नाही. चुलतभाऊसुद्धा म्हणाला, "कार्यक्रम असंल तर आपली ना न्हाई. हार माझ्याकडून." त्या वर्षीच्या यादीतून मेव्हण्याचा हुरडा गेला आणि माघ वद्य द्वितीया आली. मावशींना सांगितलं, तर त्यांनी हात जोडले, आणि जूनच्या जूनमध्ये सासूची तांब्याची घागर चिंचेनं घासून फळीवर पालथी घालून ठेवली. अजून आठ महिने होते.

त्या आठ महिन्यांत मी फुगत गेलो. पराभूतांचा सन्मान करणारा जिल्ह्यातला पहिला मुख्याध्यापक, असं मी स्वतःला मनात म्हणायला लागलो. नगरच्या एका निवृत्त प्राध्यापकांना आमंत्रण दिलं. सुप्याच्या बॅनरवाल्याला मजकूर दिला, "पराभूत वीरांना मानवंदना", आणि खाली माझं नाव वीरांपेक्षा एक बोट मोठं. त्यानं विचारलं, "जिल्हा काय टाकू, नगर का अहिल्यानगर?" मी म्हणालो, "अहिल्यानगर टाक, पण पाहुण्यांना नगरचेच म्हणू." भाषण लिहिलं चौदा पानांचं. बायकोला बसवून दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी ती लसूण सोलत होती. शेवटचं पान झाल्यावर तिनं विचारलं, "यात मावशी कुठं आहेत?"

मी म्हणालो, "अगं, हा इतिहास आहे."

"बरं," ती म्हणाली आणि सालं गोळा करून उठली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. मावशी पातेलं घासत होत्या. मी अगदी प्रेमानं म्हणालो, "मावशी, उद्या सुट्टी बरं का. खिचडी नाही, काही नाही. फक्त सकाळी जरा लवकर येऊन साठ माणसांचे पोहे आणि चहा तेवढा बघा. पाहुणे लांबून येणार, उपाशी कसे पाठवायचे?"

मावशींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, कांद्याचा हिशेब करतायत.

"कांदा जरा जास्त घाला," मी म्हणालो.

"बरं, गुरुजी."

आता वाचणारा म्हणेल, हा माणूस आंधळा होता का? आंधळा नव्हतो, मी आयोजक होतो. ज्या बाईनं त्या दिवशी जाळ करू नये म्हणून ही सगळी उठाठेव, तिलाच मी शेगडी पेटवायला सांगितली आणि वर कांदाही वाढवून घेतला. आमच्या शाळांत सुट्टी म्हणजे कार्यक्रम, आणि कार्यक्रम म्हणजे चहा-पोहे, हे रक्तात इतकं मुरलंय की मला त्यात काही वेगळं दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पटांगण भरलं. लग्नात नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे बसतात तशा दोन आळ्या, डावीकडं खालची, उजवीकडं वरची. पाहुणे आले, हार झाले, दीप लावला. पोह्यांच्या बशा फिरल्या. आणि मी माईक हातात घेतला.

काय बोललो म्हणता! धाकट्या भावाला मी न्यायाचा कैवारी केलं, गोरगरिबांचा वाली केलं. अजून दोन पानं मिळाली असती तर त्यानं गावात शाळाही काढली असती. तहानेवर मी असा काही बोललो की मधे मलाच पाणी प्यावं लागलं. आणि सहाव्या पानावर, आवाज कापरा करून, मी म्हणालो, "मित्रहो, आज खालच्या आळीत एकही चूल पेटलेली नाही!"

इथं मी थांबायचं ठरवलं होतं, परिणामासाठी. थांबलो. त्या शांततेत उजवीकडून चमच्यांचा आवाज आला. डावीकडून काहीच नाही. बघतो तर डावीकडच्या सगळ्या बशा खुर्च्यांखाली ठेवलेल्या, पोहे तसेच. मला वाटलं, लाजतायत बिचारे. मी माईकवरून म्हणालो, "खालच्या आळीच्या मंडळींनी लाजू नये. पोहे गरम आहेत. घ्या, घ्या, अगदी पोटभर घ्या!"

डावीकडचे एक म्हातारबाबा काठी टेकत उठले. ऐंशीच्या पुढचे. आवाज बारीक, पण पटांगणभर ऐकू गेला.

"गुरुजी, आमी आज शिजल्यालं खात न्हाई."

"हो, हो, बाबा, तेच तर मी सांगतोय..."

"आन त्यो धाकटा तुमी म्हंता तसा देवमानूस न्हवता. त्यानंबी लई घरं जाळली. त्याला मान द्या असं आमी कवा म्हनलो? मानसं तहानेली मेली, म्हनून पानी देतो. येवढंच हाय." मग ते स्वयंपाकघराकडं वळून बघायला लागले. "आन हे पोहं केलं कुनी?"

सगळ्या माना वळल्या. स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात उलथनं. आणि दाराशेजारी, भिंतीला लागून, ती तांब्याची घागर. लखलखीत. पालथी.

माझ्या हातात आठ पानं शिल्लक होती. कागद घडी करून मी खाली उतरलो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. खरं सांगायचं तर मी अजून दोन पानं वाचली. तोंड सुरू झालेलं होतं, ते बंद कसं करायचं हे सुचेना. चुलतभावानं शेवटी माझ्या शर्टाला हिसका दिला.

आत गेलो तेव्हा मावशी बशा विसळत होत्या. खिडकीतून ऊन सरळ खाली पडलं होतं, म्हणजे बारा वाजून गेले होते.

"मावशी, तुम्ही बोलला का नाहीत काल?"

"काय बोलायचं? सुट्टी तुमी दिली, कामबी तुमीच सांगितलं. तुमच्याच हातातलं दोन्ही." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता.

"अजून जाता नाही का येणार?"

"जाळ केल्यालं हात हायत, गुरुजी." मावशींनी हात पुसले आणि घागर उचलून फळीवर ठेवली. "ऱ्हाऊ द्या. आठाची नऊ वर्सं झाली. दगडाला सवय हाय. पाव्हन्यांना आजून एकदा चहा टाकू का?"

मी कोपऱ्यातल्या तांदळाच्या कट्ट्यावर मटकन बसलो. मला रडू आलं. बाहेर पाहुण्यांचं भाषण चालू होतं आणि ते माझं कौतुक करत होते.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली, फोटोसकट. ते कात्रण मी फाडून टाकायला घेतलं होतं, पण फोटो चांगला आलाय. अजून कपाटात आहे. बायकोनं बातमी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "घराण्याचं नाव राखलंत हो. दोनशे वर्षांनी परत पाणी अडवलंत." त्या दिवशी मी जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही.

पुढचं वर्ष माझ्या नोकरीचं शेवटचं. जूनमध्ये समिती बसली ती कंबर कसूनच. यंदा मोठा मंडप, मुलांचं लेझीम, कुणीतरी आमदारांचं नावसुद्धा काढलं. समितीतल्या खालच्या आळीच्या दोघांनी मान खाली घातली होती. सुट्टी ठेवली की मंडप येणारच, म्हणून मी म्हणालो, "कार्यक्रम नाही. सुट्टीही नाही," आणि सगळ्यांदेखत यादीत दुसरी सुट्टी लिहिली, हुरड्याच्या सोमवारी, "स्थानिक परंपरा". चुलतभाऊ खूश झाला. म्हणाला, "आलं ताळ्यावर." मावशींनी नोटीस बोर्डावर यादी बघितली. कुणाकडून तरी वाचून घेतली असणार. नुसती मान हलवून आत गेल्या. मला ते आठ महिने जड गेले, पण आधी बोलून मी काय दिवे लावले होते ते गावानं बघितलं होतं. म्हणून गप्प बसलो.

जत्रा झाली. नारळ घेतला. या खेपेला फोटोसाठी मान तिरकी केली नाही, तर फोटोत झोपल्यासारखा आलोय. दुसऱ्या दिवशी मावशी निघताना मी म्हणालो, "उद्या तुम्ही येऊ नका. खिचडी मी शिजवणार आहे."

"कोन?"

"मी."

मावशी खांबाला धरून हसायला लागल्या. "येती का तुमाला?"

"न येण्यासारखं काय आहे त्यात? दुसरी बाई नको, रजेचा अर्ज नको. आणि माझ्या हातची खाल्ल्यावर तुमची जागा कुणी मागेल का?"

मग त्यांचं हसू थांबलं. त्यांना कळलं. त्या परत आत गेल्या आणि मला एकेक डबा दाखवायला लागल्या. तांदूळ इतका, डाळ इतकी, पाणी ह्या खुणेपर्यंत, हळद शेवटी नको, आधी. मी वहीत लिहून घेतलं. पस्तीस वर्षं मुलांना लिहून घ्या म्हणत आलो, त्या दिवशी पहिल्यांदा मन लावून लिहून घेतलं.

सकाळी मी पदर नाही म्हणून टॉवेल खोचला आणि मोठी शेगडी पेटवली. भुवई थोडी गेली. शंभर पोरांचं पातेलं म्हणजे काय असतं ते कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. फोडणी दिली तर मोहरी माझ्या अंगावर आली. गरम कडी तशीच धरली आणि उजव्या हाताची चार बोटं भाजली. मानाचा नारळ घरून आणला होता, तोही खवून टाकला, म्हटलं काहीतरी चव येईल. पाणी खुणेपर्यंत घातलं, झाकण ठेवलं आणि खिडकीत येऊन उभा राहिलो.

खिडकीतून टेकडी दिसते. बायका एका ओळीनं चढत होत्या. आठ जणी पुढं, आणि बऱ्याच मागं एकटी नववी. चार पावलं टाकायची, थांबायची, एक हात घागरीला, एक गुडघ्याला. पुन्हा चार पावलं. मी मनातल्या मनात ढकलत होतो, चला मावशी, चला. वरच्या आठ जणी पाणी ओतून खाली निघाल्या नाहीत, दगडांपाशी थांबून राहिल्या. नववी पोचली. घागर वर गेली. इतक्या लांबून पाणी दिसत नव्हतं, पण उन्हात तांबं एकदा चमकलं. बारा वाजायला अजून अवकाश होता. मी खिडकीचा गज धरून लहान पोरासारखा हसत होतो, आणि तेवढ्यात खालून करपल्याचा वास आला.

खिचडी खालून कोळसा, वरून कच्ची, आणि मीठ अजिबात नाही. मीठ वहीत लिहायचं राहिलं होतं. मुख्याध्यापकानं शिजवलेली म्हणून पोरांनी पहिले दोन घास मुकाट गिळले. मग पहिलीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, मावशी मेल्या का?" आणि तिला रडूच फुटलं. बाकीच्यांनी नारळाचा कीस तेवढा वेचून खाल्ला.

तीनच्या सुमाराला मावशी आल्या. घागर कमरेवर, पायांवर टेकडीची धूळ, लुगड्याचा काठ ओला. पातेल्यात डोकावून बघितलं.

"किती जेवली?"

"निम्मी तशीच उठली."

"वरच्या आळीचीबी?"

"तीच जास्त."

मावशी पायरीवर बसल्या आणि हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "झाली की फिट्टंफाट, गुरुजी! दोनशे वर्सं गेली, पर आज वरची आळी उपाशी निजवली आमी!"

मीही हसलो. हसता हसता टॉवेलानं तोंड पुसायला गेलो आणि बोटं झोंबून हात झटकला.

"काय झालं? बघू हात."

"काही नाही, जरा भाजलंय."

मावशींनी हात ओढून घेतला. चार बोटांवर फोड आले होते. त्यांनी जिभेनं 'च्च' केलं आणि कमरेवरची घागर हातात घेतली.

"वाईच पानी उरलंय. धरा हात."

"अहो, ते दगडाचं..."

"दगूड पिऊन धाला आज. त्याचं उरल्यालंच हाय हे. धरा म्हंते ना."

पाणी अजून गार होतं. आमच्या पूर्वजानं जिथं पहारा दिला त्याच विहिरीचं. मावशी अगदी बारीक धारेनं ओतत होत्या, घागर पार रिकामी होईपर्यंत, आणि मी विहिरीचा मानकरी त्यांच्यापुढं हात धरून उभा होतो.